गाळणीचा दिवा

"मी हुंडा घेतला नाही, दिला नाही, आणि जिथं तो घेतला गेला त्या मांडवात पाण्याचा घोटही घेतला नाही."

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत हे वाक्य मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. पोरं टाळ्या वाजवायची. यातला पहिला भाग खरा आहे, कारण माझे सासरे आमच्या लग्नाआधीच वारले होते आणि मेव्हणा चिकट होता. दुसराही खरा आहे, कारण मला मुलगी नाही. तिसरा भाग मी भाच्याच्या लग्नानंतर भाषणातून काढून टाकला. त्या मांडवात मी जेवलो. जिलेबी दोनदा घेतली.

मुलीकडचं गाव कराडच्या पुढं, हायवेला लागून. आमचं वऱ्हाड तिथल्या शाळेत उतरलं होतं. शाळेपासून नवरदेवाची मिरवणूक निघाली, तेव्हा ऊन कानशिलं भाजत होतं. पुढं नाचणारी पोरं, त्यांच्या मागं बेंजो पार्टी, त्यांच्या मागं माझी गाडी. शाळेतून मारुतीला, मारुतीच्या पाया पडून कार्यालयात, असा रस्ता. गाडी मी चालवत होतो. चालवत होतो म्हणजे ब्रेकवरचा पाय उचलत होतो आणि परत ठेवत होतो. मागच्या सीटवर भाचा प्रणीत, फेटा बांधून, मुंडावळ्यांतून बाहेर बघत बसलेला. त्याची करवली केव्हाच उतरून नाचायला गेली होती.

बॉनेटवर हातभर उंचीचा झेंडूचा गुच्छ होता आणि गुच्छाच्या दोन बाजूंना थर्माकोलची नावं. डावीकडं प्रणीत, उजवीकडं ऊर्मिला. फुलवाल्यानं सकाळी बॉनेट उघडून, आतून तारा ओढून सगळं आवळून बांधलं होतं. "सर, आता वादळ येऊ द्या," तो म्हणाला होता. "हालत न्हाई."

ही गाडी नवरदेवाला देण्यामागं एक तत्त्व होतं, ते सांगायला हवं.

बैठकीत देण्याघेण्याचा विषय निघाला, तेव्हा मधे मी होतो. समाजशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला लोक अशा ठिकाणी हौसेनं मधे बसवतात. मुलीचे वडील शेलार यांचं शाळेच्या गणवेशांचं दुकान. तीस वर्षं मशीन मारून मारून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. माझ्या अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पानाचा विडा तोंडात फिरवत म्हणाले, "आमचं काय मागनं न्हाई. देवानं समदं दिलंय. फकस्त पोरगं नोकरीला एष्टीनं जातंय, ह्येवढं बघवत न्हाई."

महिनाभरापूर्वीच शेलारांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतलेली सगळ्यांना ठाऊक होतं. दाजींना तर पक्कं ठाऊक होतं.

मी म्हणालो, "नारळ आणि मुलगी. बाकी काही नाही. नवरदेवाला मिरवायला गाडी हवी असेल तर माझी आहे. हे लग्न असंच होईल, हा माझा शब्द."

शेलारांनी तेव्हा माझे दोन्ही हात हातांत घेतले. त्यांच्या बोटाला सुईनं पडलेला घट्टा मला लागला. मला स्वतःविषयी फार बरं वाटलं.

माझी गाडी डिझेलची. घर ते कॉलेज एवढं अंतर मी चालतही जाऊ शकलो असतो, पण गाडी घेतली ती मायलेज बघून. सहा महिन्यांत सर्व्हिस सेंटरच्या माणसानं मला बाजूला घेऊन, डॉक्टर सांगतात तसं, हळू आवाजात सांगितलं. नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेत एक गाळणी असते. गाडी हायवेला जरा वेळ जोरात पळाली की गाळणी तापते आणि काजळी आतल्या आत जळून जाते. गावातल्या गावात रांगत राहिली की काजळी साठते. मग एक पिवळा दिवा लागतो. दिवा लागला की थांबायचं नाही, पळवायचं. थांबलात तर इंजिन जोर धरत नाही आणि गाडी दोर लावून ओढावी लागते.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी गाडी हायवेला नेत असे. "लोक कुत्र्याला फिरायला नेतात," माझी बायको वैजयंती शेजाऱ्यांना सांगायची. "आमच्याकडं गाडी नेतात."

मिरवणूक पाण्याच्या टाकीपाशी आली आणि पिवळा दिवा लागला.

"प्रणीत, दिवा लागला."

"कसला?"

"गाळणीचा. इतका वेळ रांगतोय ना आपण. काजळी साठली."

"मग?"

"मग ती बंद पडणार. मारुतीच्या दारात. आणि तुला दोर लावून मांडवात नेणार."

त्यानं डोळ्यांसमोर ते चित्र आणलं असावं. "मी उतरून चालत जातो की, मामा."

मी काच खाली करून दाजींना हाक मारली. ते टॉवेल फिरवत नाचत होते. घाम पुसत खिडकीशी आले. मी त्यांना दिवा दाखवला, गाळणी सांगितली, हायवेला एक चक्कर मारून येतो म्हणालो. अगदी स्वच्छ, वर्गात सांगतात तसं सांगितलं.

"या की जाऊन," दाजी म्हणाले. "ही पोरं अजून तासभर हालत न्हाईत हितनं."

"प्रणीतला इथं उतरवतो."

"आँ? खुळं का काय तुम्ही! मारुतीच्या आधी नवरदेवाचा पाय जमिनीला लागाय नको. असू दे बसल्याला."

तर अशा रीतीनं, शास्त्राला मान देऊन, मी नवरदेवासकट हायवेला लागलो. फोन करावा असं कुणाच्या मनात आलं नाही. करायचं म्हटलं तरी माझा फोन वैजयंतीच्या पर्समध्ये होता, कारण माझ्या जोधपुरीला खिसा नव्हता. आणि प्रणीतचा करवलीकडं, ती त्यावर नाच चित्रित करत होती.

हायवेला गाडीनं वेग घेतला आणि आम्ही दोघंही जरा माणसांत आलो. प्रणीतनं मुंडावळ्या कानामागं टाकल्या, खिडकी उघडली.

"मामा, एक बोलू? तुम्ही बैठकीत बसलात ते लई बरं झालं. आमच्या आबांनी शेलारमामांना सोडलं नसतं."

"तुला स्वतःला काही वाटत नव्हतं ना? गाडीबिडीचं?"

"छ्या. ऊर्मिलानं आधीच सांगितलंय मला. बाबांनी पहिल्यांदा स्वतःसाठी काही घेतलंय, त्यावर डोळा ठेवलास तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही म्हणाली." तो लाजून हसला. "खमकी आहे."

मला भाच्याचा अभिमान वाटला. त्यातला थोडा मी माझ्या संस्कारांच्या नावे जमा करून घेतला.

तेवढ्यात गुच्छ गेला. आधी एक झेंडू काचेवर येऊन आपटला, मग दहा, मग सगळा गुच्छ तारेसकट उठला आणि टपावरून मागं गेला. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दाबून धरला. उजवीकडचं थर्माकोल फडफडलं, वाकलं आणि तेही गेलं.

"वादळ येऊ द्या म्हणाला होता," प्रणीत म्हणाला.

आणि दिवा विझला.

"गेला! प्रणीत, गेला दिवा! जळली काजळी!"

आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसलो. परत फिरायला दुभाजकात जागा सापडेना, तेव्हाही हसलो. पार पुढच्या पुलाखालून वळसा घेऊन, हसत हसतच सर्व्हिस रोडला आलो. गाडी लोण्यासारखी पळत होती. मिरवणूक एव्हाना मारुतीपाशी आली असेल, मागून जाऊन सामील व्हायचं, असा माझा हिशेब होता.

मिरवणूक मारुतीपाशी नव्हती. सगळी माणसं कार्यालयाच्या दारात उभी होती आणि बेंजो बंद होता. लग्नघरात बेंजो बंद असला की काय समजायचं हे सांगायला समाजशास्त्र लागत नाही.

गर्दी दुभंगली आणि शेलार पुढं आले. मी अजून हसतच होतो. ते हसू तोंडावरून काढायला मला वेळ लागला, हे आठवलं की आजही कानशिलं तापतात.

"पाव्हणं," शेलार म्हणाले, "आमचं काय चुकलं?"

"छे छे, तुमचं काय! गाडीचा जरा..."

"गाडीचं कळलं मला."

"नाही, म्हणजे ही गाडी गावात चालत नाही. दम धरत नाही. अशा कामाला ही उपयोगाची नाही, हे मला आधीच..."

"बरोबर हाय," शेलार म्हणाले.

मागून त्यांचा भाऊ पुढं आला. त्यानं बॉनेटकडं बोट केलं. "दादा, बघ. पोरीचं नाव उपटून टाकलंय."

सगळ्यांनी बघितलं. मीही खिडकीतून वाकून बघितलं. गुच्छाच्या जागी तारेचं नुसतं टोक उरलं होतं, आणि डावीकडं प्रणीत हे नाव, जराही न वाकता, ठळक उभं होतं.

"वाऱ्यानं गेलं हो ते!"

"एकच नाव?" भाऊ म्हणाला. "वाऱ्याला वाचता येतंय का?"

मग मी गाडीतून उतरून सगळं सांगितलं. डिझेल सांगितलं, काजळी सांगितली, गाळणी कशी तापते तेही सांगितलं. हातवारे करून सायलेन्सर दाखवला. चाळीस मिनिटांच्या तासाला वर्गात जशी शांतता मला कधी मिळाली नाही, तशी त्या दिवशी मिळाली. मुहूर्ताच्या तोंडावर नवरदेव गाडीत घालून का पळवला, तर धूर साफ करायला, हे कारण मी बोलत असताना माझ्याच कानांना खोटं वाटायला लागलं. आणि मी जितका गाडीतला दोष उलगडून सांगत होतो, तितकं समोरच्या माणसांना एकच ऐकू येत होतं, की आमच्याकडची गाडी नादुरुस्त आहे, दुसरी हवी.

"दाजी!" मी ओरडलो. "तुम्हाला सांगून गेलो होतो ना मी? दिवा दाखवला होता तुम्हाला!"

दाजी पायरीवर बसले होते. त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं. सावकाश पुसलं.

"आता ज्ये झालं त्ये झालं," ते म्हणाले. "उगा वाढवू नका. मुहूर्त टळाय नको."

मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली आहेत. इतकं परिणामकारक दुसरं ऐकलं नाही.

शेलारांनी डोक्यावरचा फेटा उतरवला. मला वाटलं उकडतंय म्हणून. ते वाकून तो माझ्या बुटांवर ठेवतायत हे मला कळलं, तेव्हा मी मागं सरलो आणि गाडीच्या दारावर आपटलो. फेटा त्यांनी घरीच बांधला असणार. प्रत्येक चुणीवर इस्त्री होती.

"शेलारसाहेब, उठा. उठा हो. माझ्या शब्दावर..."

"तुमचा शब्द हाय, म्हणून तर तुमच्या पायावर ठेवला," ते म्हणाले. टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते खरंच तसं मानत होते. "तुम्ही त्या दिवशी भिडंखातर बोलला असाल. मी समजून घ्यायला पायजे होतं. कमी पडलो."

त्यांनी खिशातून चावी काढली. चावीला गणवेशाच्या निळ्या चेक्सच्या कापडाची पट्टी होती, कडेनं बारीक टीप घातलेली. कार्यालयाच्या कोपऱ्यात लिंबाखाली त्यांची पांढरी गाडी उभी होती. सीटांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. ते मागच्या दाराशी गेले आणि उघड्या खिडकीतून चावी आत धरली.

"जावईबापू, राग सोडा."

मी प्रणीतकडं बघितलं. हा पोरगा सगळं जाणत होता. तो गाडीत होता. दिवा त्यानं बघितला होता, हसला होता, थोड्या वेळापूर्वी 'छ्या' म्हणाला होता. एवढंच परत म्हणायचं होतं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग पायरीवरच्या दाजींकडं. मग चावीकडं. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "घ्या जावईबापू, मान मोडू नका." चावी किती वेळ तशीच धरलेली होती मला सांगता येणार नाही.

प्रणीतनं चावी घेतली.

"प्रणीत, परत दे."

"आता लोकांत नको, मामा," तो हळू म्हणाला. "नंतर बघू."

बेंजो सुरू झाला. टाळ्याही पडल्या. शेलारांच्या भावानं माझ्या पायांजवळचा फेटा उचलून, झटकून, त्यांच्या डोक्यावर ठेवला. तो तिरका बसला. अक्षता पडेपर्यंत तो तिरकाच राहिला.

अंतरपाट धरला होता तेव्हा दाजी मागून येऊन कानाशी लागले. "मेव्हणं, मानलं तुम्हाला. आमाला बैठकीत घसा कोरडा करून जे जमलं न्हाई, ते तुम्ही तोंडातनं शब्द न काढता केलं. शिकल्याला मानूस शिकल्याला असतोय."

"दाजी, तुम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं? तो दिवा? मला कुठं गाडीतलं कळतंय." आणि त्यांनी अक्षता टाकल्या. नेम धरून टाकल्या.

मी वैजयंतीला म्हणालो, चल, निघू. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी तिलाही गाळणी समजावून सांगायला लागलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. "तुमच्यावर विश्वास आहे माझा," ती म्हणाली. "पण आत्ता निघालात तर तो माणूस आणखी काय काढून देईल याचा भरवसा नाही. बसा जेवायला."

बसलो. जिलेबीची परात घेऊन शेलार स्वतः आले, आणि माझ्या पानापाशी थांबले. "पाव्हणं, पोटभर. काही मनात ठेवू नका." मी नको म्हणालो. त्यांचा चेहरा लगेच उतरला, परातीवरचे हात आवळले गेले. अजून काही राहिलंय का, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट वाचता आला. मी घेतली. ते हसले. म्हणून आणखी एकदा घेतली.

जेवणं झाल्यावर मी शेलारांना गाठायचं ठरवलं. चावीचं बघू असं प्रणीत म्हणाला होता खरा, पण चावी आता दाजींच्या बोटात फिरत होती. शेलारांना एकट्यात बसवून, गाडीपाशी नेऊन, शांतपणे पटवायचं. अंगावर घ्यावं लागलं तर दाजींना अंगावर घ्यायचं. मी त्यांच्याकडं निघालो, तेवढ्यात ऊर्मिला नमस्काराला आली. बरोबर कुणी नव्हतं.

"मामा, दिवा खरंच लागला होता?"

"खरंच लागला होता, बाळ."

"मला वाटलंच. मी वरच्या खिडकीत होते. गाडी आली तेव्हा तुम्ही दोघं हसत होतात." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "रुसलेली माणसं हसत येत नाहीत."

मला केवढा आधार वाटला! "चल, मग तूच सांग तुझ्या बाबांना. तुझं ऐकतील. आत्ताच्या आत्ता चावी परत घेऊ."

"नको."

"का?"

तिनं मांडवाकडं बघितलं. शेलार आपल्या पाहुण्यांना निरोप देत होते, वाकून, हसून, तिरक्या फेट्यानं. "बाबांना वाटतंय त्यांनी लग्न वाचवलं. सकाळपासून आत्ता पहिल्यांदा पाणी प्यालेत. गाडी उगाच गेली हे आज कळलं, तर..." तिनं बोटावरचं पदराचं टोक सोडवलं. "तुम्ही सांगू नका, मामा. कधीच."

म्हणजे लोभी पाहुणा म्हणून मीच राहायचं. मी मान हलवली.

"एवढंच विचारायचं होतं," ती म्हणाली. "म्हणजे, ह्यांनाही माहीत होतं. चावी घेताना."

मला खोटं बोलायला वेळ मिळाला नाही. खरं बोलायलाही मिळाला नाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघून काय ते घेतलं, वाकून नमस्कार केला आणि जाऊन त्या पांढऱ्या गाडीत बसली. प्लॅस्टिक कर्रकन वाजलं ते मला इथपर्यंत ऐकू आलं. प्रणीतनं दार लावलं, मुंडावळ्या सारख्या केल्या आणि तिच्याकडं बघून काहीतरी बोलला. ती समोर काचेतून बघत राहिली.

शेलार आजही मी गेलो की उठून उभे राहतात. खुर्ची पुसतात. चहा झाला की दर वेळी एकच विचारतात, "गाडीबद्दल पोरांची काही तक्रार न्हाई ना?" मी नाही म्हणतो. मग ते दुकानाबाहेर येऊन मला माझ्या गाडीपर्यंत सोडतात आणि आपल्या स्कूटरपाशी उभे राहून हात करतात.

लग्नानंतरच्या आठवड्यात गाडी सर्व्हिसला नेली. त्या माणसानं आपलं यंत्र जोडून बघितलं, मग बॉनेट उघडून बराच वेळ आत वाकून राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बांधायच्या तारेचा तुकडा होता आणि त्यात अडकलेला एक वाळका झेंडू.

"ही तार कुणी गुंडाळली होती सेन्सरच्या नळीला? नळी दाबली गेली की दिवा लागतो. तार सुटली की जातो," तो म्हणाला. "गाळणी स्वच्छ आहे तुमची, सर. पळवायची काही गरज नव्हती."